स्टुलावरचे तीन प्रश्न

आमच्या नर्सिंग शाळेत एक रीत होती आणि ती आम्हा मुलींना परीक्षेपेक्षा जास्त छळायची. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, नर्सिंग कौन्सिलचे पेपर झाले की सिस्टर ट्यूटर, म्हणजे आम्हाला शिकवणाऱ्या सिस्टर, एकेकीला प्रात्यक्षिकाच्या खोलीत स्टुलावर बसवायच्या. शेजारच्या खाटेवर आमचा सरावाचा पुतळा गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन पडलेला असायचा. बाकीच्या आम्ही भिंतीला टेकून उभ्या. मग तीन प्रश्न यायचे. एकटी काय करू शकतेस? शेजारी कुणी उभं असलं तर काय करू शकतेस? आणि कशाला अजून हात लावणार नाहीस?

कुणी काही लिहून घ्यायचं नाही, कुणी मध्ये बोलायचं नाही. पास-नापास कौन्सिल ठरवायचं, पण वॉर्ड हाती घ्यायला कोण तयार आहे आणि कोण आणखी सहा महिने विद्यार्थिनी म्हणून राहणार, ते त्या स्टुलावर आपल्याच तोंडाने ठरायचं. खोटं बोललं तर सिस्टरना कळायचं का? माझ्या मते नेहमी कळायचं. त्या केरळच्या होत्या, अंगाने काटकुळ्या, आणि त्यांच्या हिंदीत बायका-पुरुष सगळेच पुल्लिंगी. "तुम क्या कर सकता है, सोच के बोलो," एवढं म्हणून त्या मांडीवर हात ठेवून गप्प बसायच्या. त्या गप्प बसण्याने भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची.

ही साठ सालानंतरची गोष्ट. वडील केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात, त्यांची नागपूरहून जयपूरला बदली झाली तेव्हा मी शाळेत होते. मॅट्रिक झाल्यावर मी नर्स होते म्हटलं तेव्हा नागपूरच्या नातेवाइकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ब्राह्मणाची पोर लोकांचं हगणंमुतणं काढणार, असं एका काकांनी आमच्याच घरी जेवता जेवता सांगितलं. आईने त्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढली आणि म्हणाली, तुम्ही आजारी पडाल तेव्हा तुमचं कोण काढणार आहे? तो विषय तिथेच मिटला. सांगायचा मुद्दा, बोलण्याच्या बाबतीत आमचं घर कधी मागे नव्हतं. मी त्याच घरची.

माझी मैत्रीण मात्र दुसऱ्या टोकाची. ती सीकरकडच्या एका गावची सून. चौदाव्या वर्षी लग्न झालं, सतराव्या वर्षी नवरा तापाने गेला, मूलबाळ नाही. सासरे गावच्या शाळेत मास्तर होते. त्यांनी सुनेला शिकवायचं ठरवलं, आणि ते कसं शिकवलं ते तिने मला हॉस्टेलच्या गच्चीत पापड वाळवत सांगितलं तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग हसू थांबलं. त्यांच्याकडे सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नाही. चेहरा दाखवत नाही, आवाजही ऐकू देत नाही. तेव्हा मास्तर अंगणात दाराकडे पाठ करून बसायचे आणि समोर भिंतच शिकायला बसल्यासारखे मोठ्याने धडा सांगायचे. ही दाराआड. गणित सोडवून झालं की पाटी सासूच्या हाती द्यायची, सासू ती अंगणात नेऊन नवऱ्याला दाखवायची. सासूला स्वतःला अक्षर वाचता येत नव्हतं. मास्तर चूक खुणेने दाखवायचे, पाटी परत आत. असं करत करत ही मॅट्रिक झाली. इतक्या वर्षांत सुनेचा आवाज मास्तरांनी एकदाही ऐकला नव्हता.

मग तिला नर्सिंगला घालायचं ठरलं तेव्हा गाव उठलं. विधवा सून शहरात ठेवणार, परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावायला लावणार. मास्तरांना पंचांसमोर उभं केलं. तिथे त्यांनी शब्द दिला: तीन वर्षं द्या. तीन वर्षांत ती नोकरीला लागली तर बोलायचं नाही, नाही लागली तर मी स्वतः जाऊन तिला घरी आणीन आणि पुन्हा हा विषय काढणार नाही. मास्तर दिलेला शब्द मोडणारे नव्हते. त्यामुळे आमच्यासाठी तीन वर्षं म्हणजे नुसतं शिक्षण होतं, तिच्यासाठी तो एकच दरवाजा होता. तो बंद झाला की चूल आणि ओसरी, आणि जन्मभर तेच.

आता तिचं काम सांगते. इंजेक्शन द्यायची तर पेशंट विचारायचे, दिलं का? तिने घातलेल्या चादरीवर सुरकुती शोधून दाखवावी. काचेच्या सिरिंजा आम्ही सगळ्या उकळायचो, पण फुटायच्या आमच्या, तिची कधी फुटली नाही. आणि बायकांच्या वॉर्डात तर ती राणी होती. तिथल्या निम्म्या बायका घुंगटात. थर्मामीटर घुंगटाच्या आत जायचा आणि बाहेर यायचा, तोंड काही दिसायचं नाही. डॉक्टरांनी काही विचारलं की मिठाची गुळणी धरून बसायच्या. मी चार वेळा विचारून दमायची. ही नुसती खाटेच्या कडेला बसायची, बाईचा हात हातात घ्यायची, आणि घुंगटाच्या आतून सगळं बाहेर यायचं: कुठे दुखतं, कधीपासून, घरात कुणाला सांगितलं नाही ते. मला तिचा हेवा वाटायचा, आणि अभिमान त्याहून जास्त.

तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यातली गोष्ट. खिडक्यांना वाळ्याच्या तट्ट्या लावलेल्या, त्यांच्यावर पाणी मारायचं काम चाललेलं. एका म्हाताऱ्या बाईचं पोटाचं ऑपरेशन होतं. गुंगी द्यायची म्हणून तिला सकाळपासून उपाशी ठेवलं होतं. पण बाहेर कडुलिंबाखाली नातेवाइकांची चूल पेटलेलीच असायची. तिच्या बहिणीला वाटलं, बिचारी सुरीखाली उपाशीपोटी कशी जाणार? तिने पदराआड वाटीभर दलिया आणून भरवला. प्रेमाने भरवला, त्यात शंका नाही. पण भरल्या पोटी गुंगी दिली तर उलटी श्वासात जाऊन माणूस जातो, हे तिला कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

माझ्या मैत्रिणीला ते कळलं. म्हातारीनेच घुंगटातून सांगितलं. तेवढ्यात मोठे सर्जन राउंडला आले. पांढऱ्या मिशा, कडक आवाज, पण माणूस भला. सगळं ठीक आहे ना, असं त्यांनी विचारलं. आणि ही घरी करायची तेच हिने केलं. सासूने पाटी न्यावी तसं निरोप नेणारं माणूस शोधलं. मी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला ड्रेसिंगचा ट्रे लावत होते. ती माझ्याकडे आली आणि कुजबुजली, साहेबांना सांग, म्हातारीने खाल्लंय. मी हात पुसून वळेपर्यंत सर्जन पुढच्या वॉर्डात गेले होते आणि ट्रॉली म्हातारीला घेऊन निघाली होती.

मग ती धावली. ट्रॉलीच्या समोर जाऊन दोन्ही हातांनी दांडा धरला आणि उभी राहिली. ट्रॉलीवाला ओरडतोय, ऑपरेशनवाले बोलावताहेत, आणि ही तोंडातून शब्द न काढता मान हलवतेय. वॉर्डच्या सिस्टर आल्या, तिने त्यांच्या कानात सांगितलं, ट्रॉली परत फिरली. ऑपरेशन दोन दिवसांनी झालं आणि म्हातारी चालत घरी गेली.

तिचं केवढं कौतुक झालं. सर्जननी स्वतः सिस्टर ट्यूटरना सांगितलं की ही मुलगी म्हणजे हिरा आहे. मी घरी जाऊन आईला रंगवून सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बोलणाऱ्याचे हुलगेही विकतात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. पोरगी सोन्यासारखी आहे, पण तिचं असं कसं होईल गं?" मला आईचा राग आला. तिने एवढं मोठं काम केलं आणि आईला म्हण सुचते.

स्टुलाचा दिवस आला. माझी पाळी आधी होती. मी पहिल्या प्रश्नाला एवढ्या गोष्टी सांगितल्या की मलाच श्वास लागला. तिसऱ्या प्रश्नाला काय सांगावं सुचेना, तेव्हा म्हटलं, ऑपरेशनला हात लावणार नाही. सिस्टर म्हणाल्या, तुला लावायला कुणी सांगितलंय? भिंतीजवळच्या सगळ्या हसल्या, मीही हसले. पण त्यांनी मला तयार म्हटलं.

मग ती बसली. पहिल्या प्रश्नाला तिने थोडक्यात, पण खरं ते सगळं सांगितलं. दुसऱ्यालाही. तिसऱ्या प्रश्नाला तिने पुतळ्याचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली की तिला थोरल्या पुरुषासमोर बोलता येत नाही. डॉक्टर असो, पेशंटचा सासरा असो, आवाज घशातच राहतो. त्या दिवशी ट्रॉली धरली म्हणून सगळे शाबासकी देतात, पण बोलता आलं असतं तर ट्रॉली धरायची वेळच आली नसती. वॉर्डच्या सिस्टर आल्या नसत्या तर?  "सिस्टर, मैं अभी तैयार नहीं हूँ," ती म्हणाली.

 तीन वर्षांचा शब्द आम्हा सगळ्यांना ठाऊक होता. मला वाटलं, पुढे जाऊन तिचं तोंड दाबावं. आमच्यापैकी प्रत्येकीच्या पोटात अशी एक तरी गोष्ट होती, आणि आमचं तर काही पणाला लागलेलं नव्हतं, तरी आम्ही ती सांगितली नव्हती. जिचं सगळंच पणाला लागलं होतं तिने ती सांगितली. सिस्टर ट्यूटरनी चष्मा काढून पुसला. त्यांनी ठरवलं असतं तर ते ऐकलंच नाही असं करता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही, आणि त्या वेळी मला त्यांचा भयंकर राग आला. सहा महिने आणखी, त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात मास्तर आले. डोक्याला साफा, धोतर, काखेत छत्री, पायांत धुळीने पांढरे झालेले जोडे. सून नोकरीला लागली असेल या खात्रीने आले होते, मिठाईचा पुडा हातात होता. सिस्टरनी त्यांना आपल्या खोलीत बसवलं आणि खरं ते सांगितलं. तिच्या कामात काही खोट नाही, ती स्वतःच म्हणते की तयार नाही. मास्तरांनी पुडा टेबलावर ठेवला आणि सुनेशी बोलायचं आहे म्हणाले. म्हणून मला बोलावणं आलं. सुनेशी बोलायचं म्हणजे मध्ये कुणीतरी हवंच.

तो प्रसंग मी आयुष्यात विसरणार नाही. मास्तर खिडकीकडे तोंड करून खुर्चीवर. ती दारापाशी उभी, गणवेशाच्या पांढऱ्या साडीचा पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. मधे चार पावलांचं अंतर आणि त्या चार पावलांत मी. मास्तर मला म्हणायचे, बहूला विचार, इथे कुणी त्रास दिला का? मी वळायची आणि जे तिने नीट ऐकलेलं आहे तेच तिला पुन्हा विचारायची. ती कुजबुजायची, मी पुन्हा वळून मास्तरांना सांगायची, नाही म्हणते. मग विचार, अभ्यास कमी पडला का? नाही म्हणते. एरवी मला हसू फुटलं असतं. त्या दिवशी नाही.

शेवटी मास्तर म्हणाले, बहूला सांग की शब्द तीन वर्षांचा होता. मला वाईट वाटतं, पण शब्द तो शब्द. तिची ट्रंक भरायला सांग, दुपारची बस आहे. हे सांगताना त्यांचा आवाज जड झाला होता. अंगणात भिंतीला धडे शिकवून ज्याने सुनेला इथवर आणलं, त्या माणसाला ते वाक्य कसं गेलं असेल याची मला आता कल्पना येते. मी वळले. सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात तिने हात वर करून मला थांबवलं.

"बाऊजी," ती म्हणाली.

मोठ्याने म्हणाली. घुंगट तसाच होता, पण आवाज अख्ख्या खोलीत गेला. मास्तरांची पाठ ताठ झाली. सिस्टर खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि पुन्हा बसल्या.

"बाऊजी, मैं नहीं चलूँगी. उस दिन मेरे चुप रहने से एक माँजी मर सकती थी. मुझे छह महीने और चाहिए."

मास्तर वळले नाहीत. खिडकीबाहेर मोर ओरडत होते. सूनबाईने मर्यादा मोडली म्हणून ते उठून जातील, असं मला वाटलं. तिलाही वाटलं असणार, कारण तिने दाराची चौकट धरली होती. मग त्यांनी साफ्याचं टोक डोळ्यांना लावलं आणि बोलले. बोलले मात्र माझ्याशीच, रीतीप्रमाणे.

"बेटा, बहू से कह दो, मैंने सुन लिया. और पंचों से मैं बात कर लूँगा."

मी तिच्याकडे वळले. निरोप पोचवणं माझं काम होतं, पण माझाच आवाज फुटेना. मी नुसती तिच्याकडे बघत रडत उभी राहिले. तिने मान हलवली. मास्तर उठले, छत्री घेतली, सिस्टरना नमस्कार केला आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडले, म्हणजे तिला बाजूला सरकावं लागू नये. मिठाईचा पुडा त्यांनी तिथेच ठेवला.

ते गेल्यावर सिस्टर ट्यूटर इतक्या खुश झाल्या की तशा मी त्यांना कधी पाहिल्या नव्हत्या. टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "तुम बोल गया! अब क्या बाकी है? पहली तारीख से वॉर्ड ले लो." माझा तर आनंद पोटात मावेना. बस सुटायच्या आत धावत जाऊन मास्तरांना परत आणावं असं मला वाटलं.

तिने पदर मागे सारला, डोळे पुसले आणि नकारार्थी मान हलवली.

"नहीं सिस्टर," ती म्हणाली. "वो तो मेरे अपने थे."

ती सहा महिने राहिली. मला कमरेला स्टाफ नर्सचा पट्टा मिळाला, पगार सुरू झाला, आणि माझी मैत्रीण माझ्याच हाताखाली विद्यार्थिनी म्हणून वॉर्डात आली. ड्यूटीवर मला सिस्टर म्हणायची आणि संध्याकाळी गच्चीत कान पिळायची. गावात पंचांनी मास्तरांना काय काय ऐकवलं ते ती कधी सांगायची नाही, पण त्या दिवाळीला मास्तरांच्या घरी कुणी आलं नाही एवढं कळलं. रोज राउंडच्या वेळी ती सर्जनांच्या मागे उभी राहायची, बोलायला तोंड उघडायची आणि मिटायची. मी बघायची. मदत करायचा मोह व्हायचा, पण तिने मला शपथ घातली होती की तिचा निरोप मी न्यायचा नाही.

थंडीचे दिवस होते. सर्जननी एका बाईला पेनिसिलिन लिहून दिलं आणि ते पुढच्या खाटेकडे वळले. त्या बाईला पेनिसिलिनच्याच आधीच्या इंजेक्शनानंतर अंगभर पुरळ उठलं होतं. ते तिने घुंगटाआड आणि बाह्यांआड लपवलं होतं आणि फक्त माझ्या मैत्रिणीला दाखवलं होतं.

"सर," ती म्हणाली. त्यांना ऐकू गेलं नाही. ते पुढे चालत होते.

"सर, रुकिए. इनको ये सुई नहीं दे सकते."

वॉर्डातल्या सगळ्या खाटांवरचे घुंगट तिच्याकडे वळले. सर्जन मागे आले, का म्हणून विचारलं, तिने सांगितलं, त्यांनी बाईचा हात बघितला, औषध बदललं आणि पुढे गेले. शाबासकी नाही, काही नाही. कामाच्या गडबडीत काय घडलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. मी ट्रे हातात धरून उभी होते आणि मला तो खाली ठेवायचंही सुचलं नाही.

ड्यूटी संपल्यावर ती जेवायला आली नाही. मी शोधत शोधत प्रात्यक्षिकाच्या खोलीपाशी गेले. सिस्टर ट्यूटर नव्या मुलींसाठी पुतळ्याच्या अंघोळीचं सामान लावत होत्या. माझ्या मैत्रिणीने कोपऱ्यातलं स्टूल स्वतः ओढलं, त्यांच्यासमोर ठेवलं आणि त्यावर बसली.

"सिस्टर," ती म्हणाली, "अब पूछिए."